लुकणात काय घातलंय

२५ जुलै, शुक्रवार. मिरज, दवाखाना

काल दिव्यांची अवस. घासायला समया काढाव्यात म्हणून माळ्यावर हात घातला, पायाखालचा पाट सरकला. समई वाचली, गुडघा गेला. ह्यांनी धावत येऊन आधी समई उचलली, मग मला. "ती तुज्या डोक्यात पडंल म्हणून उचलली," असं आता म्हणतात. असू दे.

फोटो काढला. डावा पाय. गुडघ्याखालचं मोठं हाड वरच्या तोंडाशी खचलंय. डॉक्टरांनी नीट समजावलं. पावसात अंगणातली फरशी एका कोपऱ्याला खाली बसते, तसं झालंय. ते उचलून जागेवर आणायचं, पट्टी आणि स्क्रूनी धरायचं. पण उचललं की खाली पोकळी राहणार, ती भरायची.

अश्विनी प्रयोगशाळेतून तशीच आली, पांढरा कोट अंगावर. माझ्याकडं बघायच्या आधी फोटो खिडकीकडं धरून बघितला. राग आला नाही. सून हाडांचंच काम करते, तिनं आधी हाड बघावं हे बरोबर.

पहिला श्रावणी शुक्रवार. पुरणाची डाळ निवडून ठेवलेली तशीच राहिली.

२७ जुलै, रविवार

पोकळी भरायला दोन वाटा. एक, माझ्याच कमरेच्या हाडातून थोडं खरवडून काढायचं आणि गुडघ्यात भरायचं. दुसरी, तयार भुकटी मिळते, बाटलीतली. कमरेला हात लावायला नको, दुखणं एकाच जागी. हे लगेच म्हणाले, भुकटी.

मी विचारलं, "भुकटी कशाची?"

डॉ. म्हणाले, "हाडाचीच असते. भाजून, शुद्ध करून. त्यात जिवंत काही उरत नाही."

"कुणाच्या हाडाची?"

शिकाऊ डॉक्टरनं बाटली फिरवून फिरवून वाचलं आणि इंग्रजीत काहीतरी बोलला. अश्विनी हळूच म्हणाली, "गुरांच्या, आई."

नको म्हणलं. तीस वर्षं गुरुवार धरलाय, घरात अंडं येत नाही (हे बाहेर काय खातात तो त्यांचा प्रश्न). तोंडानं टाळलं ते गुडघ्यातनं आत घ्यायचं, हे मनाला पटेना. डॉ. रागावले नाहीत. "मग कंबर. पण कंबर महिनाभर आठवण करून देईल हं."

हे म्हणाले, "हिला सोन्याचं हाड बशिवतो म्हणलं तरी ही इचारंल, कंच्या सोनाराचं."

पलीकडच्या खाटेवर शमीमभाभी. मालक तंबोरे करतात. जिन्यावरून पडल्या, मोडलंय माझ्यासारखंच. त्यांच्या कमरेचं हाड ठिसूळ, त्यातनं काढता येणार नाही, म्हणून भुकटीच घालणार. म्हणाल्या, "आमच्यात बी बघावं लागतं की, ताई. जनावर कुठलं, कसं कापल्यालं. भावानं मौलानांना फोन केला. गरजंला चालतंय म्हणाले. म्हणून मी घेणार. पर बाटलीतलं जनावर कसं कापलं ते डाक्टरला म्हाईत न्हाई, दुकानवाल्याला म्हाईत न्हाई. इचारल्यावर कुणी सांगाया तर पायजे का न्हाई?"

अश्विनी ऐकत होती. तिचा हात माझ्या पाण्याच्या तांब्यावर तसाच राहिला.

ऑपरेशन मंगळवारी म्हणाले. मी म्हणलं, मंगळवारी नागपंचमी. सासर शिराळ्याकडचं. त्या दिवशी आम्ही भाजीसुद्धा चिरत नाही, आणि तुम्ही मला चिरणार? सगळा वॉर्ड हसला. डॉ. हसले आणि वहीत बुधवार लिहिला. भला माणूस.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

अश्विनीनं दिंडं उकडून आणली. लग्नाला चार वर्षं झाली, पहिल्यांदा एकटीनं केली. एकही फुटलं नाही. पुरण जरा सैल.

दिवसभर बसून होती. मी म्हणलं, तुझं कसं चाललंय? दोन वर्षं तिचं एकच काम. पोकळीत भरायचं लुकण. भुकटी आणि चिकट पाणी कालवायचं, सिरिंजमध्ये भरायचं, सुईवाटे हाडात सोडायचं. कापाकापी कमी. आत गेल्यावर घट्ट व्हायचं. मग हळूहळू माणसाचं स्वतःचं हाड त्यात शिरत जातं आणि लुकण आपण होऊन विरघळत जातं. चांगल्या भाडेकऱ्यासारखं, मालक आला की जागा सोडायची. मला हे तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हाही अंगावर काटा आला होता, आजही आला. आमच्या घरात बसून हे माणसाच्या डोक्यात येतं!

सहज विचारलं, "तुझ्या लुकणात काय घालतेस?"

"हाडात असतो तसला चुना. बारीक कुटलेली एक काच, हाडाला चालणारी. आणि जिलेटिन."

"जिलेटिन म्हणजे?"

ती डब्याचं झाकण लावत बसली. ते आधीच लागलेलं होतं.

३१ जुलै, गुरुवार

काल झालं. श्रीगुरूंची कृपा. गुडघा एकीकडं, कंबर एकीकडं. कंबर जास्त दुखते. मोडलं तिथं कमी आणि धड होतं तिथं जास्त.

उपास सोडायला लावला डॉ.नी. गोळ्या रिकाम्या पोटी चालत नाहीत म्हणे. दूध घेतलं. देव समजून घेईल.

६ ऑगस्ट, बुधवार

घरी आले. वॉकर. डावा पाय टेकायचा नाही. स्वयंपाक हे करतात, म्हणजे करतात असं म्हणायचं. काल बोअरच्या पाण्यात डाळ लावली. शिट्ट्यांवर शिट्ट्या, डाळ तशीच दगड. फौजेत सगळं आयतं खाल्लं. आमच्या बोअरचं पाणी जड, नळाच्या तोंडाला पांढरी खपली धरते, ते धुण्याभांड्यांपुरतं. डाळीला पालिकेचं, हे पस्तीस वर्षांत त्यांना माहीत नाही.

अश्विनी रोज आली की विचारते. कंबर कुठं दुखते, बोटानं दाखवा. उठताना का बसताना. खोकल्यावर? सगळं फोनमध्ये टिपते. मी म्हणलं, मला काय तपासतेस. म्हणाली, "आई, आम्ही वाचतो की कमरेतून हाड काढलं की रुग्णाला त्रास होतो. एका ओळीत असतं ते. तुमचं बघतेय तर ती ओळ महिनाभराची आहे."

मग आपण होऊन सांगितलं. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं, कातडी उकळून काढलेलं. पांढरी भुकटी येते, बाटलीवर नाव असतं, ती वजन करते आणि घालते. "दोन वर्षांत माझ्या एकदाही मनात आलं नाही, आई. तुमच्या डॉक्टरांच्या हातातली बाटली आणि माझी बाटली एकच की."

मी म्हणलं, अगं, तू काय मुद्दाम केलंस.

"तेच तर. मुद्दाम काहीच केलं नाही."

१४ ऑगस्ट, गुरुवार

अश्वि. प्रयोगशाळेतल्या तिच्या सरांशी बोलली. जिलेटिन काढून दुसरं काही घालून बघू म्हणाली. सर म्हणाले, कॅप्सूल गिळताना कुणी विचारतं का कशाची आहे? ही म्हणाली, विचारत नाहीत कारण आपण सांगत नाही. (सरांना! मला ऐकूनच धडकी भरली.) सर चिडले. लुकण तयार आहे, आता मेंढ्यांमध्ये लावून बघायची वेळ, आणि हिनं नवा संसार मांडला. पण माणूस बरा असावा. दसऱ्यापर्यंत मुदत दिली. तोवर नवं लुकण तीन गोष्टींत उतरलं पाहिजे. सुईतून सुरळीत आलं पाहिजे, ओल्यात धुऊन जाता कामा नये, सुकल्यावर दाब सोसला पाहिजे. नाही उतरलं तर जुनंच पुढं जाईल आणि ही मुकाट्यानं तेच करेल. मार्चनंतर तिची शिष्यवृत्तीही नाही.

ह्यांचं मत पडलं, "पोरगी सायबाला भिडली. आपल्या संदीपपेक्षा हिलाच फौजेत घालाया पायजे हुती." लेक नोकरीला जोधपूरला, त्याला फोनवर हेच ऐकवलं. तो म्हणाला, मला माहीत आहे, रोज मीच भिडतोय तिला.

माझ्या एका प्रश्नानं एवढं झालं. रात्री जप करताना मन तिथंच.

२४ ऑगस्ट, रविवार

नवा चिकटा सापडलाय. समुद्रातल्या शेवाळाचा डिंक. मी म्हणलं, शेवाळ चालतं, झाडपाल्यातलंच ते. अश्वि. म्हणाली, "तुम्हाला चालतं म्हणून नाही, आई. सगळ्यांना सांगता येतं म्हणून."

जेवणाच्या टेबलावर सराव सुरू. ह्यात औषध काही नाही, नुसतं कालवण. वेष्टनातून काढलेल्या सिरिंजा एका बिस्किटांच्या डब्यात. हे दाबतात, ही बघते. पहिल्यांदा दाबलं तर पुढून नुसतं पाणी आलं आणि मागं सुका चोथा. मला सोऱ्या आठवला. पीठ पातळ झालं की असंच होतं, असं म्हणलं. अश्वि. हसली, म्हणाली, उलटं आहे आई, भुकटीचे दाणे मोठे झालेत, पाणी त्यांच्यातून निसटतंय. दाणे बारीक करायला हवेत. म्हणजे माझा सोऱ्या कामाचा नाही.

हे सिरिंज बंदुकीसारखी धरतात. "बाबा, गोळी नाही मारायची, हळू." "हळू दाबलं तर शत्रू पळून जाईल की गं." तिच्या कोऱ्या कोटावर पांढरी धार उडाली. दोघं लहान मुलांसारखी.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

खुर्चीत बसून सांगितलं, अश्विनीनं केलं. आमटी झाल्यावर पळी तोंडाला लावणार तेवढ्यात मी ओरडले. नैवेद्याचं चाखायचं नाही.

"मग मीठ बरोबर आहे ते कसं कळणार?"

"कळत नाही. हाताला माहीत असतं. आधी देव, मग आपण."

"आणि चुकलं तर?"

"तर सगळ्यांनी चुकलेलं खायचं."

पळी खाली ठेवली, पण तिला ते फार आवडलेलं दिसलं. दोनदा म्हणाली, चाखायचं नाही, वा. आमटीत मीठ बरोबर होतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

ओल्यात टिकत नाही. पेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात सोडते. पहिल्यांदा सुंदर वळवळीत शेव पडते, मग हळूहळू कडा विरतात, पाणी दुधाळ. रक्तात असं झालं तर हाडात राहायच्या ऐवजी कुठंतरी वाहत जाणार, ते भलतंच.

सकाळी सहाला उठते, माझी आंघोळ, वेणी करून देते, मग जाते. एकदाही "तुम्ही विचारलंत म्हणून" असं तोंडातून नाही, डोळ्यांतूनही नाही. माझ्या सासूबाईंना मी असलं काही केलं असतं का? नाही केलं असतं. केलं तर चार वेळा ऐकवलं असतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

टिकलं! काहीतरी थोडं थोडं मिसळून तिनं असं केलंय की डिंक आतल्या आत हळूहळू आवळत जातो. सुईतून बाहेर येईपर्यंत मऊ, पाण्यात पडल्यावर धरतो. पेला सकाळपासून टेबलावर, पाणी स्वच्छ, आत पांढरी वेटोळी जशीच्या तशी. मी देवघरातल्यासारखी तिच्यासमोर बसून राहिले. हात जोडले तर ती हसेल म्हणून जोडले नाहीत. मनात जोडले.

हे म्हणाले, "कुरडई झाली बघ. आता तळा."

२० सप्टेंबर, शनिवार

अधून मधून पाय टेकायला परवानगी. स्टुलावर बसून मोरीत हातासरशी कामं करते. बरं वाटलं. सर्वपित्री उद्या. भाज्या निवडल्या, तांब्या-फुलपात्रं घासली, अश्वि.च्या सरावाच्या सिरिंजा कचऱ्यात निघालेल्या त्या काढून धुतल्या, फडक्यावर वाळवल्या, डब्यात परत भरल्या. एवढ्या चांगल्या वस्तू एकदा दाबून टाकायच्या म्हणजे काय. दिवाळीपर्यंत पुरतील.

२३ सप्टेंबर, मंगळवार

वाईट दिवस. काल घट बसले, आज हिनं सरांपुढं करून दाखवलं. सकाळी घाईत बिस्किटांचा डबाच उचलून नेला होता. काही सिरिंजांतून लुकण सुरेख आलं, काहींत निम्मं आलं आणि तोंडाशी गच्च गाठ. दाबता दाबेना. सर म्हणाले, एकदा येतं एकदा अडकतं, असलं लुकण कुणाच्या हाडात सोडणार? न येणारं परवडलं, बेभरवशाचं नको.

बरोबरच बोलले, असं तीच म्हणाली. जेवली नाही. हे म्हणाले, "आगं, बंदूक बी कवातरी अडकती. म्हणून कुणी लढाई सोडतं व्हय?" ती म्हणाली, "बाबा, अडकणारी बंदूक तुम्ही पुढच्याला द्याल का?"

ह्यांनी उठून तिचं ताट झाकून ठेवलं. क्वचित होतं असं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पोथी वाचून उठले आणि तिला जवळ बसवलं. म्हणलं, बाळ, जुनंच पुढं जाऊ दे. लोकांचे पाय बरे होणार, ते पुण्यच आहे. माझ्यासारख्या दोन-चार हट्टी बायका कमरेचं काढून घेतील. माझ्यासाठी वर्ष घालवू नकोस.

माझ्या पायावरची टाक्यांची रेघ बघत होती. मग म्हणाली, "आई, सुरुवात तुमच्यामुळं झाली, खरं आहे. पण आता ते तुमच्यासाठी राहिलं नाही. तुम्हाला निदान नको म्हणता आलं. शमीमभाभींना नाही म्हणायची सोयच नव्हती. आणि त्यांनी विचारलं तेव्हा सांगणारंही कुणी नव्हतं. चालतं का नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण काय आहे ते सांगता यावं, एवढंच."

एवढंच, म्हणाली. मला पोथीतलं इतकं नीट कधी कुणी सांगितलं नाही. देवानं मला ही सून दिली हे माझ्या कुठल्या पुण्याचं, ते शोधूनही सापडत नाही.

तरी म्हणाली, का अडकतंय ते कळत नाही. सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. बहुतेक सोडावं लागणार.

२७ सप्टेंबर, शनिवार

लिहिताना अजून हसू येतंय, आणि लाजही.

दुपारी मोरीत बसले होते. अश्वि. लवकर आली, पाणी प्यायला आत आली आणि दारातच थांबली. माझ्या हातात सिरिंज, बोअरचा नळ सुटलेला, मी दट्ट्या मागंपुढं करून चांगली खळखळून धुतेय.

"आई, काय करताय?"

"धुतेय. तुझ्याच आहेत."

"ह्या... टाकायच्या होत्या ना? मागच्याही धुतल्यात?"

"धुऊन डब्यात ठेवल्या. कशाला टाकायच्या?"

तिनं नळाकडं बघितलं. नळाच्या तोंडाच्या पांढऱ्या खपलीला नख लावलं. मग मोरीच्या ओल्या उंबऱ्यावर बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी, आणि मग नुसतंच पाणी. हे बाहेरून धावत आले. "काय झालं? पडली का पुन्यांदा?"

त्या शेवाळाच्या डिंकाला चुना भेटला की तो जागीच थिजतो. तिनं लुकणात हेच हळूहळू व्हावं म्हणून एवढा खटाटोप केलेला. आणि आमच्या बोअरच्या पाण्यात चुनाच चुना. सिरिंजच्या तोंडात थेंब राहिला, सुकला, तिथं डिंक गोठला. "तुमची डाळ का शिजत नाही आई? तेच हो हे!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणलं, तुझ्या नरड्याला मीच नख लावलं. ती माझा ओला हात धरून म्हणाली, "तुम्ही नाही, बोअरनं. आणि मी डबा न बघता उचलला."

पण खरी गोष्ट पुढंच. मी म्हणलं, लगेच सरांना फोन कर. म्हणाली, नाही. मला आवडेल असं कारण सापडलंय, म्हणून ते खरं ठरत नाही. संध्याकाळी तिनं काही सिरिंजा माझ्या धुतलेल्या घेतल्या, काही कोऱ्या, काही तिच्या शुद्ध पाण्यानं धुतलेल्या. मला बाहेर बसवून माझ्याकडून ताटात ओळ लावून घेतली, क्रम फक्त माझ्या कागदावर, कुठली कुठं ते तिलाही माहीत नाही. हे डोळे मिटून दाबत गेले. "अडकली. आली. आली. अडकली." मग मी माझा कागद वाचला. अडकल्या त्या माझ्या. एक सोडून सगळ्या.

"ती एक का आली?" हे म्हणाले.

"ते माहीत नाही," अश्विनी म्हणाली, आणि तसंच लिहून ठेवलं, ती एक का आली माहीत नाही. मी असते तर ती एक विसरून गेले असते.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

ह्यांची कुकरी, विळी, कोयता, माझा वॉकर, आणि मधोमध एक सिरिंज. कोरी, न धुतलेली. हळदकुंकू वाहिलं. अश्वि. सकाळीच गेली, सर स्वतः बघणार होते.

संध्याकाळी आली. सुईतून आलं, सगळ्यांतून. ओल्यात टिकलं. दाबाला जुन्यापेक्षा उणं भरलं. थोडंसं, पण उणं. तिनं आपण होऊन आधी तेच सांगितलं सरांना.

सरांनी आकडे पुन्हा तपासले म्हणे. मग म्हणाले, दोन्ही जाऊ देत. मेंढ्यांमध्ये कळेल. हिनं लगेच मागणी केली, वेगळ्या मेंढ्या नकोत, एका पायात जुनं, दुसऱ्या पायात नवं, त्याच मेंढीत. म्हणजे जनावरं निम्मी लागतील आणि तुलनाही चोख.

हे म्हणाले, "उद्या सोनं लुटू, आज पेढं लुटू." साखर वाटली. पेढे नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

गेल्या आठवड्यात मेंढ्यांना भरलं. तिकडं साताऱ्याकडं, जनावरांच्या दवाखान्यात. अश्वि. पहाटेच्या गाडीनं जाऊन रात्री परत. म्हणाली, गुंगी उतरल्यावर एक मेंढी हिचा कोट चघळत होती.

मी आता काठीवर. विचारलं, मग त्या बऱ्या झाल्या की कळपात सोडणार?

तिनं सरळ सांगितलं. हाड आतून किती भरलं ते फोटोत पुरतं दिसत नाही. काप काढून बघावं लागतं. म्हणजे मेंढ्या ठेवता येत नाहीत. दुखू न देता करतात, नियम आहेत, समिती आहे. पण ठेवता येत नाहीत.

मी समजत होते की माझ्या एका प्रश्नानं जनावर टळलं.

रागावू कुणावर? तिनं निम्म्या वाचवल्या. लपवलंही नाही. विचारलं आणि सांगितलं. हेच तर हवं होतं मला. ऐकायला मात्र सोपं नाही. जप नीट झाला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

पुढं कधी माणसांपर्यंत गेलंच तर रुग्णाला वाचायला द्यायचा कागद अश्वि. मराठीत लिहितेय. मला म्हणाली, तुम्ही वाचा, जिथं अडेल तिथं खूण करा. मॅट्रिकचं शिक्षण एवढं कधी उपयोगी पडलं नव्हतं. सात खुणा केल्या. "जैवसुसंगत" म्हणजे काय, हे विचारलं, तर तिनं काट मारून "शरीराला सोसणारं" लिहिलं.

पहिली ओळ: यात काय काय आहे. सगळं लिहिलंय, चुना, काच, शेवाळाचा डिंक. शेवटी, हे तपासण्यासाठी मेंढ्यांचा उपयोग केला आहे.

"हे घालायलाच हवं?" मी विचारलं.

"तुम्ही विचारलं असतंत की नाही?"

विचारलं असतं.

शमीमभाभींना फोनवर वाचून दाखवला. म्हणाल्या, "लय बेस. पुढल्या पावसाळ्यात पडले असते तर बरं झालं असतं." मी म्हणलं, गप बसा.

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती

पाळणा उभं राहून म्हणला, काठीशिवाय. कंबर थंडीत अजून बोलते.

नैवेद्याच्या वेळी एक पान जास्त वाढलं, गोग्रासाच्या शेजारी. अश्विनीनं बघितलं. म्हणाली, "मेंढ्यांसाठी? आई, त्यांना बाहेरचं काही द्यायचं नसतं, ठरलेलंच खाणं." म्हणजे त्यांनाही पथ्य. बरं, म्हणलं, पान असू दे तसंच. तिनं काढलं नाही. पाणी फिरवून हात जोडले, माझ्या बरोबर.

मग फोनवर फोटो दाखवला. एकाच मेंढीचे दोन पाय. दोन्हीकडं पांढरट डाग, कडांना काहीतरी धुक्यासारखं येतंय. "हाड भरतंय का गं?"

"वाटतंय. सांगता येत नाही."

"नवं कुठल्या पायात?"

"मला माहीत नाही. बघणाऱ्याला सांगत नाहीत. मनानं झुकतं माप पडतं ना." मग हसून म्हणाली, "चाखायचं नाही."

फोटो मी खूप वेळ बघितला. डाव्या पायातलं बरं दिसत होतं. बोलले नाही.

सुंठवडा वाटला. ह्यांनी तोंडात टाकला आणि म्हणाले, "औंदा साखर कमी पडली गं." पडली असेल. कुणीच चाखला नव्हता.